भावकीचा केर

हॉलचं दार उघडलं आणि वर्गीस सरांनी उंबऱ्यातच चपला काढल्या. आत पाऊल टाकायला ते धजेनात. पांढरीशुभ्र फरशी नुसती लखलखत होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिच्यावर काही म्हणजे काही नव्हतं. सर बराच वेळ पाहत राहिले आणि मग मल्याळममध्ये हलक्या आवाजात म्हणाले, "वैजू, तू मला केर मांडणार म्हणाली होतीस. हे तर त्याहून धाडसाचं आहे. गाव परमुलखात निघून गेलं, मागं नुसती फरशी राहिली. रिकामं घर! फार छान."

आदल्या दिवशी सकाळी याच दाराला कडी लावून मी सरांना, माझ्या कलाशाळेच्या परीक्षकांना, आणायला मिरजेला गेले होते आणि तेव्हा या फरशीवर एक अख्खं गाव होतं.

"तात्या!" मी इतक्या जोरात ओरडले की सर दचकले.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. सगळा जन्म कलकत्त्यात सोनं गाळण्यात काढून ते हिंगणमाळला परत आले होते आणि आमचा बंद बंगला सांभाळत एकटेच राहत होते. ते परसातून आले ते धोतराला हात पुसतच. चेहरा असा की फड मारून आलेला पैलवान.

"आलीस व्हय? हे सर का? या, या सर." तात्यांनी सरांना नमस्कार केला आणि मग माझ्यासमोर मूठ उघडली. "हे घे. काम झालं तुझं."

त्यांच्या तळहातावर हरभऱ्याएवढी सोन्याची गोळी होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ती गोळी अजून डोळ्यापुढून हलत नाही. ती पाहून मला काय वाटलं हे कळायला आमची माणसं काय करतात ते आधी सांगायला हवं.

आमच्या भागातली निम्मीअधिक घरं गलाईवाल्यांची. गलाई म्हणजे सोन्याचांदीची मोड गाळून शुद्ध करण्याचा धंदा. दुष्काळी मुलूख, पिकत काही नव्हतं, म्हणून आमचे आजे-पणजे भट्टी आणि मूस घेऊन बाहेर पडले आणि जिथं सोनार तिथं जाऊन बसले. आज देशातल्या कुठल्याही शहरात सराफकट्ट्यामागच्या बोळात जा, आमच्याकडचं कुणीतरी भेटेलच. माझा जन्म त्रिशूरचा. हौसाकाकू गुवाहाटीच्या, जालिंदर आप्पा हुबळीचे, आणखी कोण बनारसचं, कोण जोधपूरचं. गावात सगळ्यांचे मोठमोठे बंगले आहेत आणि सगळ्यांना कुलपं आहेत. चैतातली यात्रा आली की कुलपं उघडतात, पंधरा दिवस गाव नांदतं आणि पुन्हा कुलपं लागतात.

आणि गलाईवाला केर टाकत नाही. सोनाराच्या दुकानातला केर, त्यानं हात धुतलेलं पाणी, त्याचं फाटकं पायपुसणं, सगळं आम्ही विकत घेतो आणि जाळून, गाळून त्यातलं सोनं काढतो. घरातला केरसुद्धा कोपऱ्यातल्या डब्यात जातो, कारण गड्यांच्या कपड्यांतून, केसांतून, नखांतून कण घरी येतच असतात. लहानपणी एकदा मी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सदरा दाराबाहेर झटकला म्हणून आईनं माझी पाठ सडकली होती. दुसऱ्यांच्या घरात मुलं दूध सांडल्यावर मार खातात.

कलाशाळेच्या शेवटच्या वर्षाला काय करायचं याचा मी विचार करत होते तेव्हा हा डबाच माझ्या डोळ्यापुढं आला. देशभरच्या भावकीकडून त्यांच्या त्यांच्या घरचा केर मागवायचा. बंगल्याच्या हॉलमध्ये फरशीवर हिंगणमाळचा नकाशा मांडायचा. गल्ल्या मोकळ्या सोडायच्या आणि जिथं ज्याचं घर, तिथं त्याच्या परमुलखातल्या केराचा चौकोन. सर याला मांडणशिल्प म्हणत. गावानं त्याचं नाव 'केराचं प्रदर्शन' ठेवलं होतं आणि ते नाव मला जास्त आवडायचं.

पण केर मिळवणं सोपं नव्हतं. आदल्या वर्षीच्या यात्रेत मी देवळाच्या मंडपात भावकीपुढं उभी राहिले. जालिंदर आप्पा भावकीत सगळ्यांत वडील, त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. ते पानाला चुना लावता लावता ऐकत होते.

"गलाईवाल्याकडं केर मागायला आलीयास," ते म्हणाले. "म्हंजे तिजोरीची किल्लीच मागतीस की."

"परत देणार आहे आप्पा. जसाच्या तसा."

"कुणाच्या जिवावर?"

"माझ्या."

"तुझ्या?" आप्पा हसले. मागं बसलेलेही हसले. "पोरी, तू जन्मलीस त्रिशूरला, वाढलीस तिथं. शाळा तिथली, भाषा तिथली. उद्या लगीन बी तिकडंच करशील. तू हितं यात्रेपुरती पाव्हणी. पाव्हणीच्या जिवावर सोनं कोण देतंय?"

मला रडूच यायचं बाकी होतं. त्रिशूरला मी 'मराठी सेठची मुलगी', शाळेत कुणी माझं आडनाव सरळ म्हणत नसे. आणि इथं यावं तर पोरी मला मद्राशीण म्हणत. केरळ आणि मद्रास यांत काही फरक असतो हे गावाला मान्यच नव्हतं. मला वाटलं होतं, निदान हे काम तरी मला या गावची करून टाकेल.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून हौसाकाकू उठल्या. "माझा घे ग. आमच्या गुवाहाटीचा केर हिरवट असतोय, बघशील तू. आजपातूर त्यो बघायला कुणी मागितला न्हवता."

काकूंनी दिला म्हटल्यावर बाकीच्या बायका तयार झाल्या, आणि बायका तयार झाल्यावर गड्यांना मागं राहता येईना. आप्पांनी पान तोंडात टाकलं.

"बरं. माझा बी देतो. पर एक ध्यानात ठेव. ज्याचा केर त्यालाच परत. ह्याचा त्याच्यात चिमूटभर जरी मिसळला, तर परत ह्या गावात यात्रेला यायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

वर्षभर पुड्या येत राहिल्या. जोधपूरचा केर पिवळसर, हातातून वाळूसारखा सुटणारा. बनारसचा राखाडी, उदबत्तीच्या वासाचा. त्रिशूरचा आमचा तांबडा. हुबळीचा काळा, हट्टी, बोटांना चिकटून बसणारा, अगदी आप्पांसारखा. यात्रेआधी येऊन मी आठवडाभर हॉलमध्ये गुडघ्यावर बसून ते चौकोन घातले. शेवटचा घातला आणि दारात उभी राहून पाहिलं, तर कुठंही एकत्र न नांदणारं माझं गाव देशभरच्या मातीच्या रंगांत फरशीवर नांदत होतं. खिडक्या मी घट्ट लावल्या होत्या. पंख्याच्या बटणांवर चिकटपट्टी मारली होती. तात्यांना सांगितलं होतं, "इथं कुणाला येऊ देऊ नका."

कुणी आलंच नव्हतं. स्वतः तात्या सोडून.

"अगं, पाव्हणं येणार," तात्या सांगत होते. "आन् बंगला कसा उबून गेलेला. म्हटलं जरा वारं खेळू दे, म्हणून खिडक्या उघडल्या. तासाभरात माळावरनं वावटळ उठली की! मी बघतोय तर काय, निम्मं हुबळी बनारसात चाललंय आन् जोधपूर खिडकीतनं भाईर! भावकीचं सोनं डोळ्यादेखत उडाया लागलं तर गलाईवाला काय बसून ऱ्हाईल?"

"मग काय केलंत?"

"झाडलं. समदं झाडून गोळा केलं. कोपरं, खिडक्यांच्या चौकटी, दाराच्या फटी, काय बी सोडलं न्हाई. वल्या फडक्यानं फरशी पुसली आन् त्ये पाणी बी गाळलं." तात्यांच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. "आता एकदा मिसळल्यावर ढीग ठिवून काय करायचा? भट्टी पेटवली. काल दुपारपासनं बसलोय. जाळलं, कुटलं, धुतलं, मुशीत घातलं, तेजाबात उकळलं. ही बघ. चोख हाय. पैलं त्वांडातनं शाबासकी तरी काढ."

मी मटकन फरशीवर बसले. स्वच्छ, गार फरशीवर. आणि जे बोलू नये ते बोलले. म्हणाले, "तात्या, तुम्ही माझं गाव जाळलंत."

तात्यांचा चेहरा पडला. त्यांनी गोळी माझ्यापुढं फरशीवर ठेवली आणि ते परसात निघून गेले. सरांना मराठी येत नव्हती, पण ते कळण्यासाठी भाषा लागत नव्हती. मी त्यांना सगळं मल्याळममध्ये सांगितलं.

"म्हणजे हे रिकामं घर हे तुझं काम नाही," ते म्हणाले.

"नाही."

"वाईट मात्र नव्हतं हं." ते कानकोंडे होऊन हसले. "मी याच्यावर तुला चांगले गुण दिले असते. अजूनही देईन. तू म्हणालीस तर हेच तुझं मांडणशिल्प."

सुटकेचा रस्ता असा आयता समोर आला होता. पण संध्याकाळी पालखी देवळात गेली की सगळी भावकी आपलं घर शोधायला इथं येणार होती. त्यांना मी काय सांगणार होते? की रिकामी फरशी पाहा आणि त्यात अर्थ शोधा? मी नको म्हणाले.

एवढ्यात यात्रेसाठी त्रिशूरहून अण्णा आले. बातमी त्यांना परसातच लागली होती. त्यांनी आधी फरशी पाहिली, मग गोळी आणि मग मला.

"झालं ते झालं. जालिंदर आप्पा यायच्या आत काहीतरी जुळवू," ते म्हणाले. त्रिशूरच्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून अण्णांचा स्वर कायम समजुतीचा असे. "गोळीचे वजनानं वाटे घालू. ज्याचा केर जास्त त्याला जास्त."

"केर जास्त म्हणजे सोनं जास्त असं कुठं असतं अण्णा?"

"नसतं," त्यांनी मान्य केलं. "मग असं करतो. प्रत्येकाला माझ्याकडचं थोडं थोडं देतो. सगळ्यांना वाटेल, आपलंच परत आलं. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल."

"वैजू, आप्पा काय म्हणाले होते आठवतंय ना? इथं तुझं येणं बंद करतील. भावकीत माझीही मान खाली जाईल." ते खाली बसले आणि एकदम दमल्यासारखे दिसले. "तीस वर्षं झाली मला त्रिशूरला. तिथं कुणी मला तिथला म्हणत नाही, ते ठीक आहे. इथल्यांनी तरी म्हणू नये का?"

मला तेव्हा प्रथमच कळलं की बंगला एवढा मोठा का बांधला होता. मी अण्णांच्या हातावर हात ठेवला. मग परसात गेले. तात्या भट्टीजवळ तोंड फिरवून बसले होते.

"तात्या, मघाशी मी चुकीचं बोलले."

"बरोबर बोललीस," ते म्हणाले. "मला कुठं कळतंय तुमचं त्ये शिल्प का काय."

"मला एक सांगा. यात सगळ्यांचा केर आला? एकही घर सुटलं नाही?"

तात्या ताडकन वळले. कारागिराच्या वर्मावर बोट पडलं होतं. "सुटलं? फटीतला कण बी सुटला न्हाई! समदी भावकी हाय त्या गोळीत."

"मग चला," मी म्हणाले, "ती मांडू या."

सर, तात्या आणि मी मिळून तयारी केली, म्हणजे तयारी अशी काही नव्हतीच. गोळी हॉलच्या मधोमध फरशीवर ठेवली. खाली कापड नाही, पाट नाही, काही नाही. मिरजेहून आणलेला एक दिवा वर टांगला आणि उजेड नेमका तिच्यावर पाडला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ती गोळी इतकी लहान दिसत होती की मला धडकी भरली. तात्यांना तर ती तशी उघड्यावर ठेवायची या कल्पनेनंच घाम फुटला. ते तिच्याशेजारी राखणीला उभे राहिले आणि काही केल्या हलेनात. शेवटी त्यांना तसंच राहू दिलं.

दिवस मावळायच्या सुमाराला ढोल थांबले आणि भावकी आली. फेटे, नऊवाऱ्या, कांजीवरम, बनारसी, आसामी रेशीम, ज्याच्या त्याच्या मुलखाची वस्त्रं. पोरं तर कुणी बंगालीत भांडत होती, कुणी कानडीत. सगळे दारात अडकले.

"आमचं घर कुठं हाय ग?" हौसाकाकूंनी मान उंच करून विचारलं. "गुवाहाटी कुठं घातलीस?"

"आत या काकू," मी म्हणाले. "सगळे आत या."

सगळे भिंतीच्या कडेकडेनं उभे राहिले. मध्ये दिव्याखाली ती गोळी. जालिंदर आप्पा काठी टेकत पुढं आले, त्यांनी फरशीवरून नजर फिरवली आणि ते जागच्या जागी थांबले. त्यांना सांगावं लागलं नाही. जन्मभर केराचं सोनं करणाऱ्या माणसाला काय झालं ते दिसलंच.

"गाळलास," ते तात्यांकडं पाहत म्हणाले.

तात्या काही बोलणार इतक्यात मी पुढं झाले. "वावटळीत सगळा केर एकमेकांत मिसळला आप्पा. तो वाया जाऊ नये म्हणून गाळला. चौकोन गेले. तुमचा हुबळीचा, काकूंचा गुवाहाटीचा, सगळा या गोळीत आहे. जसाच्या तसा परत देईन म्हणाले होते, ते आता मला जमणार नाही."

हॉलमध्ये कुजबूज उठली. कुणी म्हणालं, "सांगितलं हुतं मी." कुणी म्हणालं, "आता कुणाचं किती, कसं ठरवायचं?" बनारसवाले म्हणाले, त्यांच्या केरात दिवाळीचा माल होता. जोधपूरवाले म्हणाले, दिवाळी काय तुमच्याकडंच असते काय? आवाज चढायला लागले. अण्णा भिंतीला टेकून उभे होते आणि माझ्याकडंच पाहत होते.

आप्पांनी काठी आपटली. "गप्प बसा! पोरी, ठरलं काय होतं?"

"ज्याचा त्याला परत."

"मग दे आमचं आम्हाला."

मी वाकले, गोळी उचलली आणि आप्पांच्या हातावर ठेवली. "घ्या आप्पा. यातलं तुमचं तेवढं घ्या आणि बाकीचं पुढं द्या."

आप्पांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मग गोळीकडं. आणि मग जे झालं ते फक्त आमच्याच माणसांत होऊ शकतं. गलाईवाल्याच्या हातावर सोनं पडलं की तो भांडण विसरतो. आप्पांनी गोळी दिव्याकडं धरली, अंगठ्यानं फिरवली, तळहातावर उडवून वजन जोखलं. "चोख काढलंयस की रं," ते तात्यांना म्हणाले.

"चोख म्हंजे! वाळूचा कण दाखवा त्यात," तात्यांनी छाती काढली.

"बघू आप्पा," मागून कुणी हात पुढं केला. आप्पांनी गोळी त्याच्या हातावर ठेवली. तो जोधपूरचा. त्यानं ती डोळ्याजवळ नेली. "रंग बघा की. ही लाली आमच्याकडची हाय."

"लाली केरळातल्या सोन्याची असती," अण्णा भिंतीपासून सुटून पुढं आले होते. "तुमच्याकडचं फिकं."

"फिकं? अण्णा, तुमच्या गिऱ्हाइकाचे दागिने बघितलेत आम्ही!"

हशा झाला. गोळी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. ज्याच्या हातात येई तो तिच्यात आपलं शहर शोधी, शेजारच्याशी हुज्जत घाली आणि पुढं देई. बायकांच्या बाजूला गेली तेव्हा हौसाकाकूंनी ती गालाला लावली. "आमच्या गुवाहाटीत पाऊस लई, म्हणून ही एवढी गार लागती," त्या म्हणाल्या आणि सगळ्या बायका खो खो हसल्या. पोरांनी रांग लावली. बंगाली बोलणाऱ्यानं कानडी बोलणारीच्या हातावर गोळी ठेवली आणि दोघांनीही एकदमच मराठीत 'सांभाळ!' म्हटलं. आता कुणी भिंतीला नव्हतं. सगळे मधोमध, दिव्याखाली, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. वर्षभर ज्यांची तोंडं एकमेकांना दिसत नाहीत, अशी सगळी माणसं.

वर्गीस सर कोपऱ्यातून माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे ओले होते. "आता मला चौकोन दिसताहेत," ते एवढंच म्हणाले. परीक्षेत त्यांनी मला पहिला नंबर दिला, पण ते मला नंतर कळलं आणि खरं सांगते, त्याचा आनंद त्या संध्याकाळच्या पासंगालाही पुरला नाही.

गोळी फिरून फिरून आप्पांच्या हातात परत आली तेव्हा हॉल आपोआप शांत झाला. आप्पा तिच्याकडं पाहत राहिले.

"शोधलंत का रं सगळ्यांनी आपापलं?" त्यांनी विचारलं. "सापडलं कुणाला?"

इकडून तिकडून नाही म्हणून माना हलल्या.

"मला बी न्हाई सापडलं." त्यांनी एक सुस्कारा टाकला. "चाळीस वर्षं गाळतोय. सोन्यातनं तांबं काढलं, चांदी काढली, शिसं काढलं, माती काढली. पर सोन्यातनं सोनं कसं काढायचं? ह्यातलं हुबळी कुठलं आन् गुवाहाटी कुठली, हे सांगणारा अजून जन्माला यायचाय."

"मग ठेवायची कुणाकडं?" जोधपूरवाल्यांनी विचारलं.

"गावाकडं. दुसरं कुणाकडं?" आप्पा खेकसले. "पुढच्या यात्रेला ज्यानं त्यानं आपला केर संगट आणायचा. हितंच गाळायचा, सगळ्यांनी बसून. भट्टी पेटवायला तात्या हायच. ह्याच गोळीत भर घालायची. ज्याला वाटतंय आपलं कमी गेलं पायजे, त्यानं खुशाल कमी आणावं, आम्हाला कळंलच." पुन्हा हशा झाला. तात्या फेट्याचा शेव डोळ्यांना लावत होते आणि धूर लागला म्हणून सांगत होते, तेव्हा भट्टी कधीच विझली होती. ती गोळी आता लिंबाएवढी झाली आहे आणि आमच्या गावाकडं यात्रेत पालखीच्या खालोखाल गर्दी भट्टीभोवती असते.

पण तेव्हा माझा निकाल अजून लागायचा होता. आप्पांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"शब्द मोडलास तू."

"मोडला आप्पा."

"मिसळला तर यात्रेला यायचं न्हाई, असं मी म्हणालो होतो."

"हो."

"तुझ्या त्रिशूरचा केर घातला होतास का ह्यात?"

"घातला होता. तांबडा."

"म्हंजे तू बी हायस ह्यात."

"आहे."

आप्पांनी गोळी चिमटीत धरून दिव्यासमोर उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी. तिच्यावर आमच्या सगळ्यांच्या बोटांचे ठसे उमटले होते.

"मग मी कसा काढू तुला ह्यातनं?" ते म्हणाले. "सांग की. आन् मीच काय, ह्या भावकीतला एक बी गलाईवाला आता तुला वेगळं काढू शकत न्हाई."

हॉलमधून आधी एक टाळी आली. ती अण्णांची होती.